कारखान्यासाठी रोबो आर्म निवडायचा कसा? ५ मुद्द्यांत समजून घ्या

'रोबो घ्यायचाय' असं ठरवणं सोपं आहे. कोणता घ्यायचा, हे ठरवणं अवघड. निवड चुकली तर पैसे अडकतातच, शिवाय शेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवाशीही खेळ होऊ शकतो.

१. काम कोणतं?
वेल्डिंग, पेंटिंग किंवा मशीनमध्ये जॉब लावणं-काढणं अशा कामांना सहा अक्षांचा आर्म लागतो. तो माणसाच्या हातासारखा हवा तसा वळतो. सपाट पातळीवर झटपट उचल-ठेव किंवा छोटी जुळणी करायची असेल, तर चार अक्षांचा 'स्कारा' पुरतो. १९७८च्या सुमारास जपानमध्ये हिरोशी माकिनो यांनी तो विकसित केला. हलक्या वस्तूंचं वेगवान पॅकिंग असेल, तर कोळ्याच्या पायांसारखा वरून लटकणारा 'डेल्टा' उपयोगी पडतो.

२. वजन किती?
इथेच अनेकांचं गणित चुकतं. पेलोडमध्ये जॉबसोबत ग्रिपरचं वजनही धरावं लागतं. जॉब ४ किलोचा आणि ग्रिपर दीड किलोचा असेल, तर ५ किलो क्षमतेचा आर्म चालणार नाही. जॉब मनगटापासून लांब धरला जाणार असेल, तर क्षमता आणखी घटते.

३. पोहोच आणि अचूकता
ब्रोशरमधली पोहोच ही कमाल असते. त्या टोकाला आर्मला हवा तसा कोन घेता येईलच असं नाही. ±०.०३ मिमीसारखा आकडा बहुतेक वेळा 'रिपीटेबिलिटी'चा असतो, म्हणजे शिकवलेल्या जागी आर्म पुन्हा किती नेमका येतो त्याचा. पण जॉबच दरवेळी वेगळ्या जागी येत असेल, तर चांगलं फिक्श्चर किंवा कॅमेरा लागणारच.

४. कोबॉट की कुंपणातला रोबो?
माणसाशेजारी काम करणारा रोबो म्हणजे कोबॉट. डेन्मार्कच्या 'युनिव्हर्सल रोबोट्स'ने २००८ मध्ये आपला पहिला कोबॉट विकला. बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पातही कोबॉट वापरले जातात. धक्का लागला की तो थांबतो, पण माणसाशेजारी चालवताना त्याचा वेग कमी ठेवावा लागतो. आणि कोबॉटच्या हातात धारदार पत्रा असेल, तर तोही धोकादायकच. म्हणून सुरक्षेची तपासणी एकट्या आर्मची नको. ग्रिपर, जॉब आणि आसपासची जागा धरून अख्ख्या सेलची हवी. वेग जास्त किंवा जॉब जड असेल, तर कुंपण आणि इंटरलॉक असलेला दरवाजा हवाच.

५. खरा खर्च किती?
कोटेशनमधली आर्मची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. ग्रिपर, फिक्श्चर, कुंपण, प्रोग्रॅमिंग आणि प्रशिक्षण धरून हिशेब करा. बिघाड झाल्यावर सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत येईल, हेही लेखी घ्या.

ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडे स्वतःचा जॉब पाठवा आणि चाचणी बघा. त्या मशीनवर रोज काम करणाऱ्या ऑपरेटरलाही सोबत न्या. जॉब कुठे अडकतो, हे त्याला सगळ्यात आधी कळतं.