कवच संपतं तिथे

माणसाचं शरीर युद्धासाठी नव्याने डिझाइन करायचं ठरवलं, तर पहिला नमुना आपल्या महाभारतातच आहे: कर्ण. त्याचं कवच अंगावर चढवलेलं नव्हतं, अंगाचाच भाग होतं. म्हणून इंद्राने मागितल्यावर ते उतरवून देता आलं नाही, कापून काढावं लागलं. दुसरा नमुना दुर्योधन. लोककथा सांगते की गांधारीच्या नजरेने त्याचं सगळं अंग वज्राचं झालं, फक्त झाकलेल्या मांड्या राहिल्या. भीमाची गदा नेमकी तिथे बसली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सगळी सिस्टिम सुरक्षित आणि एकच जागा उघडी, असं दिसलं की आम्ही आधी विचारतो: हीच जागा का राहिली? कथेतलं उत्तर आहे लाज. शरीरशास्त्राचं उत्तर वेगळं आहे. ते शोधताना मला बॅशफर्ड डीन भेटला.

डीन न्यूयॉर्कचा प्राणिशास्त्रज्ञ. एकाच काळात तो तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये माशांचा आणि मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शस्त्रं-चिलखतांचा क्युरेटर होता. हे दोन विषय वाटतात तेवढे लांबचे नाहीत. त्याच्या अभ्यासातले प्लॅकोडर्म हे डिव्होनियन काळातले चिलखती मासे होते. डोक्यावर आणि छातीवर हाडांच्या जाड पाट्या. पण तोंड उघडायचं आणि मान हलवायची तर त्या दोन पाट्यांमध्ये सांधा हवाच. शेपटीकडचा भागही बहुतेकांचा मोकळा, कारण पोहायचं तिकडूनच.

युरोपातल्या सरदारांच्या पोलादी चिलखतातही हेच दिसतं. छातीवर सलग पत्रा, पण काखेत आणि जांघेत तो नाही. तिथे कड्यांची जाळी. पत्रा वाकत नाही आणि माणसाला वाकावं लागतं.

1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लष्कराने डीनला बोलावलं. जुनी चिलखतं दुरुस्त करणाऱ्या म्युझियमच्या कारागिरांनी नव्या शिरस्त्राणांचे नमुने ठोकून बनवले. डीनचा युक्तिवाद साधा होता: पुष्कळशा जखमा रायफलच्या वेगवान गोळीने नाही, तर तोफगोळ्यांच्या संथ तुकड्यांनी होतात, आणि तेवढं पातळ पोलादही अडवू शकतं. ब्रिटिशांच्या ब्रोडी हेल्मेटमागेही हाच विचार होता. उथळ टोपी, रुंद काठ, वरून पडणाऱ्या तुकड्यांसाठी.

डीनचे नमुने मात्र सगळ्या सैन्यापर्यंत पोहोचले नाहीत. अमेरिकी सैनिक ब्रोडीच्या घडणीचंच हेल्मेट घालून लढले. जर्मनांनी छाती-पोटाचं चिलखत खरोखर वापरलं, पण त्याचं वजन 10 किलोच्या आसपास. ते पहारेकऱ्यांना आणि मशीनगनवाल्यांना चाललं, कारण त्यांना एका जागी थांबायचं होतं. खंदकातून उठून धावणाऱ्याला ते ओझंच.

आता शंभर वर्षं पुढे या. 2001 ते 2011 या काळात इराक-अफगाणिस्तानात रणांगणावर मेलेल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. त्यातल्या, उपचारकेंद्रात पोहोचण्याआधीच गेलेल्यांपैकी सुमारे 24 टक्क्यांच्या जखमा वाचण्याजोग्या होत्या. या वाचू शकणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त जण रक्तस्रावाने गेले. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा काख, जांघ आणि मानेतल्या जखमांचा. हातापायाला वर पट्टा आवळून रक्त थांबवता येतं. जांघेत पट्टा बांधायला जागाच नसते. चिलखत जिथे संपतं, तिथेच उपचारही अडतो. दुर्योधनाची मांडी इथून वीतभर खाली आहे.

मग जांघेवरही हाड वाढवू? पाय उचलता येणार नाही. बरगड्या जोडून सलग ढाल करू? छाती फुलणार नाही, श्वास अडेल. कातडी जाड करू? उन्हात घामाने अंग थंड करणं हेच तर तिचं काम. शरीरातल्या प्रत्येक कमकुवत जागेवर दुसरं काहीतरी चालू आहे. ती जागा बंद केली की ते काम बंद पडतं.

म्हणून 'सैनिकाचं शरीरच बदलू' ही कल्पना मला धाडसी वाटत नाही. ती सोयीची वाटते. दोष शरीरात आहे म्हटलं की बाकी कुणाला काही करावं लागत नाही. त्या वाचू शकणाऱ्या हजारेक माणसांना नवं शरीर नको होतं. जांघेत दाबून बसेल असा क्लॅम्प, वेळेवर रक्त आणि वेळेवर हेलिकॉप्टर हवं होतं.

आणि उरलेल्या 76 टक्क्यांच्या जखमा अशा होत्या की कुठलंही हॉस्पिटल त्यांना वाचवू शकलं नसतं. त्यांच्यापुरता डिझाइनचा प्रश्न शरीराचा नव्हताच. त्यांना तिथे पाठवायचं की नाही, एवढाच होता.

प्लॅकोडर्म सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. आज समुद्रात फिरतात ते बहुतेक हलक्या अंगाचे, पातळ खवल्यांचे मासे.