लिग्नाइट : गुणवत्ता व उपयोग
कोळसा केवळ उष्मांकावरून जोखला, तर तमिळनाडूतील नेयवेलीचा लिग्नाइट हलका ठरतो; पण ही कसोटी अपुरी आहे. त्यात सुमारे निम्मे पाणी असले, तरी राख भारतातील बहुतेक दगडी कोळशापेक्षा कितीतरी कमी असते. म्हणूनच खाणीलगतच जाळून त्याची वीज करणे परवडते. तो वाळवून दूर का नेऊ नये, असा आक्षेप घेतला जातो. परंतु वाळलेला लिग्नाइट पुन्हा ओलावा शोषतो, त्याचा भुगा होतो आणि साठा आपोआप पेटू शकतो. गुजरात-राजस्थानातील काही लिग्नाइटांत गंधक अधिक असते. तेथे हवेच्या झोतावर तरंगत्या थरात, चुनखडी मिसळून ज्वलन करणेच योग्य. नेयवेलीत लिग्नाइटपासून पूर्वी युरिया आणि धूर न करणाऱ्या इंधनविटाही बनत.