दोरे दिसले ते रंगामुळे

सूक्ष्मदर्शक सुधारला आणि पेशीविभाजन दिसलं, असं आपली पाठ्यपुस्तकं सुचवतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली आणि माझं मत जरा निराळं आहे. भिंगाचं श्रेय मोठंच, पण कांकणभर जास्त रंगाऱ्यांचं.

जिवंत पेशीचं केंद्रक जवळजवळ पारदर्शक असतं. पेशीतूनच पेशी जन्मते, हे रेमाक आणि फिर्चो या शास्त्रज्ञांनी 1850च्या दशकात ठामपणे सांगितलं होतं. पण त्या वेळी केंद्रकाचं काय होतं? ते विरघळतं आणि नवं तयार होतं, असं अनेकांना वाटे. जे दिसतच नाही, त्याबद्दल वाद घालायला कोण अडवणार!

1856मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन दगडी कोळशाच्या डांबरातून क्विनाइन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. तो रेशमावर पक्का बसला. मग डांबरापासून रंग काढणारे कारखाने निघाले आणि जर्मनीत तर हा धंदा फारच फोफावला. कापडाचे हे रंग शरीरशास्त्रज्ञांनीही उचलले.

त्यांतलाच एक वॉल्थर फ्लेमिंग. तो 1876मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठात आला. त्याने निवडले सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याचे डिंभ, कारण त्यांच्या पेशी आणि केंद्रकं दोन्ही मोठी. रंग दिल्यावर केंद्रकात शेवयांच्या गुंत्यासारखे दोरे दिसू लागले. पण रंगवलेली पेशी मेलेली असते. प्रत्येक स्लाइड म्हणजे थांबलेला एक क्षण, आणि कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे ती सांगत नाही. म्हणून फ्लेमिंग जिवंत डिंभांच्या ऊतींकडे वळला. तिथे अंधूक दिसणारे बदल तो धीराने पाहत राही आणि त्यावरून रंगवलेल्या चित्रांचा क्रम लावी. त्याचं खरं मोठेपण मला या क्रम लावण्यात दिसतं. दोरे आखूड आणि जाड होतात, प्रत्येक दोरा उभा चिरतो, पेशीच्या मध्यावर रांग धरतो, मग दोन संच दोन टोकांना जातात. 1882च्या त्याच्या ग्रंथात हे सगळं हाताने काढलेल्या आकृत्यांसह आलं. त्या दोऱ्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव वाल्डायरने 1888मध्ये दिलं. पण ते आनुवंशिकतेचे वाहक आहेत, हे सटन आणि बोव्हेरी यांनी मांडायला 1902 उजाडलं. फ्लेमिंग 1905मध्ये वारला.

आमच्या नाशिक जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही, त्यामुळे पेशीविभाजनाच्या प्रॅक्टिकलला कांद्याचीच मुळं. ती आम्ही अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवतो. यातलं कार्माइन येतं निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून. त्यानेच मेक्सिकोतले लोक स्पॅनिश तिथे पोचण्याआधीपासून कापड रंगवत आले. मुलं मात्र बाटली उघडतात, थेंब टाकतात, कव्हरस्लिप अंगठ्याने दाबतात आणि जर्नलमध्ये चार अवस्था काढून मोकळी होतात.

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. पहिली स्लाइड बिनरंगाची लावा, मुलांना दहा मिनिटं त्यात दोरे शोधू द्या, आणि मगच बाटलीचं झाकण उघडा.