एबीएस हवं की नको?

काल भाच्यासोबत गाडी बघायला गेलो होतो. एबीएसवालं मॉडेल महाग पडतंय म्हणून तो म्हणाला, "मामा, ब्रेक तर दोन्हीला आहेत की!"

थोडा इतिहास सांगतो. ही कल्पना आली विमानातून. ओल्या धावपट्टीवर चाक लॉक होऊन विमान घसरू नये म्हणून डनलॉपने 'मॅक्सारेट' बनवलं. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये ते रॉयल एनफिल्डच्या मोटरसायकलवर तपासलं गेलं, पण बाजारात आलं नाही. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के-१०० ला इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. त्या नियमात त्याखाली सीबीएस चालत होतं. त्यात एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक लॉक व्हायचं थांबत नाही.

आणि आपल्या तालुक्यात दूधवाले, शेतकरी, मास्तर चालवतात त्या शंभर-सव्वाशेच्याच गाड्या!

पहिल्या पावसात माझं पुढचं चाक असंच लॉक झालं होतं. कॉलरबोन मोडलं. एबीएस म्हणजे जादू नाही, खडीवर थांबायला उलट जास्त अंतर लागतं. पण गाडी हातात राहते.

भाच्याला म्हटलं, बाकी ॲक्सेसरीज राहू दे, एबीएस घे. रस्ता काही सीसी बघून ओला होत नाही.