सहभागिता, ख्रिस्ती (सोलापूर व मराठी मंडळ्या)

ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांनी मिळून केलेली प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन आणि एकमेकांच्या अडीअडचणीत घातलेले लक्ष. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीचे वर्णन असेच आहे. आत्मिक वाढ एकट्याने साधत नाही, ही यामागची धारणा.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1860च्या दशकात सुरू झाले. त्याआधी 1813मध्ये मुंबईत आणि 1831मध्ये अहमदनगरला मिशनचे ठाणे पडले होते. काँग्रिगेशनल पद्धतीमुळे मंडळीचा कारभार सभासदांनी मिळून पाहायचा होता. प्रत्यक्षात मिशनऱ्याच्या हाती पगार असल्याने मिशनरी ‘साहेब’च राहिला.

बाप्तिस्मा घेणारा तेव्हा भाऊबंदांना आणि पंगतीलाही मुके. त्याच्यासाठी मंडळी हेच नवे गणगोत होते. याचा सर्वांत बोलका दाखला सोलापूर जिल्ह्याला स्पर्शून जातो. कवी नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ या जिल्ह्यातल्या पंढरपुरात आप्तांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या तरी त्यांनी सोवळे लगेच सोडले नाही. पाण्याचा आणि स्वयंपाकाचा विटाळ मनातून हळूहळू गेला, आणि 1900मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते, की त्यांना कोणत्याही प्रवचनापेक्षा माणसांच्या सहवासाने अधिक घडवले.

टिळकांनी मराठी मंडळ्यांना अभंगांच्या वळणाची भजने दिली. टाळ-तबल्यावर म्हणता येणारे गीत हाती आले, तसा उपासनेतला परकेपणा ओसरला. 1917मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. रूढ मंडळीला हे पचणे अवघडच होते. 1919मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

काँग्रिगेशनल मंडळ्या 1924मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या; पुढे ते आणि इतर काही चर्चसंस्था एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. आज सहभागितेची रूपे ओळखीची आहेत: शब्बाथशाळा, भगिनी मंडळ, उपवासकाळातल्या घरोघरच्या प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी जमणारी चारदोन माणसे. हंगामाच्या सणाला धान्य, भाजी, कोंबडी वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. दुधी भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते, आणि पैसे मंडळीच्या कामी जातात.

दोष नाहीत असे नाही. पूर्वाश्रमीची जात सोयरिकीच्या वेळी अजून आठवते, आणि मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या सोलापुरात भाषेनुसार वेगळे बसणेही सोयीचे वाटते.