माहुलीचा दगडी कुत्रा

बारामती म्हटले की आज आपणांस ऊस, द्राक्षे आणि दुधाचे टँकर आठवतात. इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र आधी दोन माणसे आठवतात: बाबूजी नाईक आणि मोरोपंत. एक सावकार, दुसरा कवी; आणि कवीला आश्रय दिला तो या सावकारानेच. या दोघांच्या ओळखीने आज मी तुम्हांला एका कुत्र्याकडे नेणार आहे. हसू नका, विषय दिसतो तितका हलका नाही.

निमित्त घडले ते असे. इंदापूरचे माझे एक स्नेही आहेत. त्यांचा कुत्रा तेरा वर्षांचा होऊन गेला. घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणतात, तसेच झाले. परदेशी असलेल्या मुलीने फोनवर सांगितले, "बाबा, त्याच्या कानाचा एवढासा तुकडा डॉक्टरांकडून काढून ठेवा. त्यापासून पुन्हा तोच कुत्रा करून मिळतो." खर्च पन्नास हजार डॉलरच्या घरात. डॉक्टरांनी तुकडा काढून थंड जागी ठेवला, हे कसे करतात तेही सांगितले. करावे की नाही हे मात्र सांगितले नाही. तो प्रश्न घेऊन स्नेही माझ्याकडे आले. शेत विकावे लागले असते तरी त्यांची तयारी होती, म्हणून उत्तर थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. आणि मी, सवयीप्रमाणे, शाहूमहाराजांपासून सुरुवात केली!

बाबूजी नाईक ज्या दरबारी जात, तो साताऱ्याचा दरबार. थोरले बाजीराव १७४० साली वारले तेव्हा पेशवाईची वस्त्रे आपल्याला मिळावीत म्हणून नाईकांनी खटपट केली. रघूजी भोसल्यांनी त्यांची बाजूही घेतली. शाहूमहाराजांनी वस्त्रे दिली ती नानासाहेबांस. माणसांची निवड इतकी तोलून करणारा हा राजा कुत्र्यांवर मात्र हातचे न राखता जीव लावी.

त्यांचे आयुष्य आठवून पाहा. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे हे पोर आईबरोबर मोगलांच्या कैदेत गेले, ते औरंगजेब मेल्यावर १७०७ साली सुटले. अठरा वर्षे परक्याच्या छावणीत. कोण आपला, कोण परका, हे ज्याला लहानपणापासून रोज जोखावे लागले, त्याला कुत्र्याची संगत गोड वाटली असेल तर नवल कसले?

ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा वकील होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. त्यात तो लिहितो, की या कुत्र्याने एकदा वाघापासून महाराजांचे प्राण वाचवले होते. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला. आणि दरबारी मंडळींनी महाराजांच्या मनाप्रमाणे त्या पालखीचा सारा सरंजाम खरोखरच चालू ठेवला. पुढे महाराजांचे चित्त काही काळ ठिकाणावर नव्हते. तेव्हा दोन मराठे सरदार भेटीस आले असता त्यांनी भर दरबारात कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. बरे झाल्यावर त्यांनी आपल्या डोक्यावर पुन्हा काही घातले नाही, असेही डफ सांगतो.

डफ याला लहर म्हणतो. म्हणो बापडा. मला त्यात एक गोष्ट दिसते. सनद, पालखी, पगडी: राजाच्या हाती मान देण्याची जी जी साधने होती, ती सगळी त्याने कुत्र्यासाठी वापरली. सनद माणसाच्या नावाने होते, ती दुसऱ्या कोणाला चालत नाही. पालखीही अमक्याची म्हणून असते. म्हणजे मान कुत्र्यांच्या जातीला नव्हता, त्या एका कुत्र्याला होता. साताऱ्याजवळ संगम माहुलीस, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तेथे, खुद्द शाहूमहाराजांची समाधी आहे. तेथेच दगडी कुत्राही आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात.

दुसरे उदाहरण तुम्हांला सांगावेच लागेल, नाहीतर तुम्हीच विचाराल. ते रायगडावरच्या वाघ्याचे. शिवछत्रपतींच्या चितेत त्याने उडी घेतली ही कथा समकालीन कागदांत सापडत नाही, त्यामुळे इतिहास म्हणून ती मी शिकवत नाही. त्याचे स्मारक १९३६ सालचे, गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतले. २०१२ साली पुतळा उखडून काढला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि २०२५ साली तो हलवावा अशी मागणी परत निघाली. वादात मी शिरत नाही. पण होळकरांचे मूळ गाव नीरेकाठचे होळ, आणि घराणे धनगरांचे. मेंढरांमागे पिढ्यान् पिढ्या हिंडलेल्या घराला कुत्र्याच्या दगडासाठी पैसे द्यावेसे वाटले, यात मला काही विचित्र दिसत नाही.

आता त्या कानाच्या तुकड्याकडे येऊ. युक्ती अशी: एका कुत्रीचे बीजांड घ्यायचे, त्यातले केंद्रक काढून टाकायचे, त्या जागी गेलेल्या कुत्र्याच्या कातडीतली पेशी घालायची, विजेचा हलका झटका द्यायचा आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्या कुत्रीच्या पोटात ठेवायचा. १९९६ साली डॉली मेंढी अशीच जन्मली. आपल्याकडे कर्नालच्या संस्थेने २००९ साली गरिमा ही म्हशीची पारडी आणि २०२३ साली गंगा ही गीर कालवड याच वाटेने जन्माला घातली. तेथे हेतू दुधाचा. म्हैस चांगली निघाली की झाले. ती आपल्याला ओळखते का, असे कोणी विचारत नाही.

कुत्र्याचे काम मोठे अवघड गेले. अमेरिकेत टेक्सासला १९९८ साली एका धनिकाच्या पैशावर मिसी नावाच्या कुत्रीसाठी प्रयत्न सुरू झाले. त्यातून २००१ साली जन्मली ती मांजर! आणि तिचे अंग आईसारखे तिरंगी नव्हतेच, कारण मांजराचे ते ठिपके गर्भात वाढताना ठरतात, ते पेशीतून जसेच्या तसे उतरत नाहीत. मिसी २००२ साली मेली. तिच्या प्रतिकृती आल्या २००७ साली. त्याआधी २००५ साली दक्षिण कोरियात स्नपी हा पहिला कुत्रा झाला. त्याचा हिशेब नीट ऐका: १,०९५ गर्भ, १२३ कुत्र्यांच्या पोटात, गर्भ राहिले तीन, पिल्ले जन्मली दोन, आणि त्यांतले एक बाविसाव्या दिवशी न्यूमोनियाने गेले. हे करणाऱ्या ह्वांग यांचे मानवी पेशींवरचे शोध पुढे खोटे ठरले. कुत्रा मात्र खरा निघाला. आता हात बसला आहे, प्रमाण पुष्कळ सुधारले आहे. तरीही पोटे चिरायची ती इतर कुत्र्यांचीच. त्यांना नावे नसतात, त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. एका कुत्र्यावरच्या प्रेमाचे देणे दुसऱ्या कुत्र्यांनी फेडायचे, हे मला पटत नाही.

आणि एवढे करून मिळते काय? जुळे भावंड, तेही तेरा वर्षे उशिरा जन्मलेले. बार्ब्रा स्ट्रायसंड या गायिकेने आपल्या कुत्रीच्या दोन प्रतिकृती करवल्याचे २०१८ साली जगाला सांगितले. दोघींचे स्वभाव वेगळे आहेत, हेही तिनेच सांगितले. तिच्या दुःखाला मी हसत नाही. पण दुकानदार विकतो ते रूप, आणि गिऱ्हाईक मागतो ती तेरा वर्षे.

स्नेही म्हणाले, "मग नवा आणू नये की काय?" आणावा की! बारामती-इंदापूरकडचे मेंढके दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, पावसाळ्याआधी परततात. कुत्र्याशिवाय त्यांचे चालत नाही. भिगवणच्या वाटेवर एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले होते. तो म्हणाला, "म्हातारी कुत्री मेली की तिच्याच पोटचं ठेवतो जी. नाव बी तेच. पर ती येगळी अन् हे येगळं. हेला अजून लांडगा म्हाईत न्हाई." स्नेह्यांना मी हे सांगितले, आणि शेत विकू नका म्हणालो. त्यांनी मान हलवली. पटले की कंटाळले, कोण जाणे.

राहिले मोरोपंत. बारामतीस बसून त्यांनी सारे महाभारत आर्यावृत्तात उतरवले. त्या महाभारताच्या शेवटाकडे धर्मराज एकटा उरतो, मागून एक कुत्रा चाललेला असतो. इंद्र रथ आणतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला येथेच सोड. धर्मराज रथात चढायला नकार देतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला ती कुत्र्याच्या इमानाची वाटे. आता वाचताना वेगळेच जाणवते. इंद्र देवांचा राजा. त्याच्यासारखाच दुसरा कुत्रा तुला वर करून देतो, असे म्हणणे त्याला काय अवघड होते? सगळ्या बोलाचालीत तसे तो एकदाही म्हणत नाही, आणि धर्मराजही मागत नाही. जो मागून चालत आला, त्याच्याविषयीच दोघे बोलतात.

खंड्याला पाहायचे असेल तर बारामतीहून फलटणमार्गे साताऱ्यास जा. माहुली तेथून जवळच आहे. जायचे ते उन्हाळ्यात. पावसाळ्यात कृष्णा घाटावर चढते, आणि मग समाधीपर्यंत जाता येईलच असे नाही.