मिटलेले टॅब आणि टॅबलेटची तोकडी स्मृती

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ या टॅबलेटचे अनावरण झाले. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अँड्रॉइड २.२ ही प्रणाली आणि सरकारला पडलेली किंमत २,२७६ रुपये. या किमतीची चर्चा देशाबाहेरही झाली आणि उपकरणाच्या संथपणावर टीकाही भरपूर झाली. या गदारोळात तपशीलपत्रकातील एक आकडा सहज नजरेआड होतो : रॅम २५६ मेगाबाइट. नेमकी तेवढीच रॅम एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या पहिल्या आयपॅडमध्ये होती. भारतात तोच आयपॅड जानेवारी २०११ मध्ये २७,९०० रुपयांपासून पुढे मिळू लागला. किमतीत बारा पटींचे अंतर असूनही कामाच्या स्मृतीच्या बाबतीत दोघे एकाच पंक्तीत बसत होते.

या तोकडेपणाचा परिणाम वापरणाऱ्याला ब्राउझरमध्ये जाणवे. एक पान उघडे ठेवून दुसऱ्यावर जावे, परत यावे, तर पहिले पान पुन्हा प्रारंभापासून उतरू लागे. जाळे संथ असेल तर काही मिनिटे वाया जात. पानावरील अर्ज अर्धा भरलेला असेल तर तो कोरा होऊन समोर येई. ब्राउझरचा टॅब चुकून बंद होणे म्हटले की आपल्याला घसरलेले बोट आठवते. टॅबलेटवर मात्र बोटाचा काहीही दोष नसताना पान नाहीसे होऊ शकते, आणि ही गोष्ट समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. (आपल्याकडे ‘टॅब’ हा एकच शब्द टॅबलेटलाही वापरतात आणि ब्राउझरमधील पानालाही. येथे तो दुसऱ्या अर्थानेच घ्यावा.)

जुलै १९४५ मध्ये अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी ‘अ‍ॅज वुई मे थिंक’ या लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. वाचक एका कागदपत्रावरून दुसऱ्याकडे ज्या वाटेने गेला ती वाटच हे यंत्र जपून ठेवील आणि ती कधी पुसट होणार नाही, ही त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात १९९०च्या दशकारंभी टिम बर्नर्स-ली यांनी जे वेब उभारले, त्याच्या मुळाशी याच्या अगदी उलट तत्त्व होते. एचटीटीपी या संकेतप्रणालीत सर्व्हरला वाचक आठवत नाही. पान मागितले, पान दिले, व्यवहार संपला. पुढच्या विनंतीला तोच वाचक नवखा असतो. ही उणीव नव्हे, जाणीवपूर्वक ठेवलेला साधेपणा होता, आणि त्याच साधेपणामुळे वेब इतक्या झपाट्याने पसरू शकले. ओळख ठेवण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांना ‘कुकी’ची जोड द्यावी लागली. परंतु वाचक कोणत्या पानावर, किती खाली पोहोचला होता, हे लक्षात ठेवण्याचे ओझे ब्राउझरवरच राहिले.

ब्राउझरने ते बराच काळ उचलले नाही. एका खिडकीत अनेक पाने ठेवण्याची कल्पना १९९४च्या ‘इंटरनेटवर्क्स’मध्ये दिसते, पुढे अ‍ॅडम स्टाइल्स यांच्या ‘नेटकॅप्टर’ने ती रुजवली. फायलींच्या कडेला लावलेल्या नावाच्या पट्ट्यांवरून हे टॅब घेतलेले आहेत. पण कपाटातील फाईल मिटली तरी कागद जागेवर असतो. येथे पट्टी काढली की कागदही जात असे. शिवाय पाने एका खिडकीत आल्यामुळे हानीही एकवटली : ब्राउझर कोसळला की वीस पाने एकदम गेली.

झालेली कृती मागे घेण्याची सोय संगणकाला तोवर नवी नव्हती. झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातील ‘ब्राव्हो’ या लेखन-आज्ञावलीत १९७४च्या सुमारास ती होती. आयबीएमच्या लान्स मिलर आणि जॉन थॉमस यांनी १९७६च्या अहवालात निदान लगतची आज्ञा तरी मागे घेता यावी, अशी अपेक्षा नोंदवली होती. १९८३च्या अ‍ॅपल लिसापर्यंत तिला कळफलकावर स्वतःची जागाही मिळाली. लिहिलेले अक्षर परत येई आणि वाचलेले पान परत येत नसे, असा हा विचित्र काळ होता.

नॉर्वेच्या ऑपेरा ब्राउझरने मागील सत्र पुढे चालू ठेवण्याची सोय लवकर दिली. पण ती सर्वांच्या सवयीची झाली ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या फायरफॉक्स २ पासून. बंद केलेला टॅब पुन्हा उघडणे आणि ब्राउझर कोसळल्यावर सारी खिडकी पूर्ववत उभी करणे, दोन्ही त्यात होते. अर्जांत टंकलेला मजकूरही परत आणण्याचा प्रयत्न त्यात होता. २००८ मध्ये क्रोम, २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ याच मार्गाने आले.

यामागील यंत्रणा दिसते त्यापेक्षा साधी आहे. टॅब बंद होताना ब्राउझर पान जपत नाही. पानाचा पत्ता, त्या टॅबमध्ये आधी पाहिलेल्या पानांची साखळी आणि जमल्यास पान कोठवर सरकवले होते, एवढीच नोंद ठेवतो. या नोंदी ताटांच्या चवडीसारख्या रचलेल्या असतात. शेवटी ठेवलेली प्रथम हाती येते. पुन्हा उघडा म्हटले की नोंदीतील पत्त्यावर नवी विनंती जाते. म्हणजे परत येते ते जुने पान नव्हेच, त्या पत्त्यावर आज जे काही आहे ते. बातमी दरम्यान बदलली असेल तर बदललेली येईल, परीक्षेच्या अर्जाचे सत्र संपले असेल तर पुन्हा लॉगिन मागितले जाईल. ‘टॅब परत मिळाला’ या समाधानात हा भेद बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

टॅबलेटवर हीच नोंद दुहेरी कामाची ठरली. क्रोमने २००८ मध्ये प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रक्रिया दिली, जेणेकरून एक पान कोसळले तरी बाकीची तग धरतील. पण त्या रचनेला रॅम भरपूर लागते. मेजावरच्या संगणकाला रॅम अपुरी पडली तर तो काही भाग डिस्कवर हलवतो. सुरुवातीच्या हातातील उपकरणांना ही मुभा नव्हती. म्हणून अँड्रॉइडने वेगळाच करार केला : रॅम कमी पडली की पार्श्वभूमीतील कोणतेही अ‍ॅप प्रणाली बिनदिक्कत बंद करील, अ‍ॅपने आपली अवस्था थोडक्यात लिहून ठेवावी आणि परत बोलावल्यावर तिच्यावरून पुन्हा उभे राहावे. ब्राउझरनेही न वापरलेल्या टॅबांना हेच लावले. पट्टीवर नाव दिसते, खाली पान नसते. बोट लावले की पत्त्यावरून ते पुन्हा मागवले जाते. चुकून मिटलेले पान उघडणे आणि प्रणालीने गुपचूप मिटलेले पान उघडणे यांत तंत्राच्या दृष्टीने फारसे अंतर राहिले नाही.

म्हणूनच स्वस्त उपकरणांच्या देशात हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागाने आलेल्या ‘आकाश २’मध्ये रॅम दुप्पट, म्हणजे ५१२ मेगाबाइट झाली, याचे महत्त्व येथे कळते. डिसेंबर २०१७ मध्ये एक गिगाबाइट वा त्याहून कमी रॅमच्या उपकरणांसाठी अँड्रॉइडची ‘गो’ आवृत्ती आली, तीही याच गरजेतून.

अवस्था नेमकी कोठे जपावी, याचे एक निराळे उत्तर भारतात त्याआधीच शोधले गेले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘सिम्प्युटर’ २००१ मध्ये जगासमोर आला. एक यंत्र गावातील अनेकांनी वापरावे, म्हणून त्यात स्मार्टकार्डाची खाच होती. ज्याची त्याची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डावर. कार्ड काढले की ती त्याच्यासोबत गेली. सिम्प्युटर बाजारात टिकला नाही. आजच्या टॅबलेटवर मात्र घरातील तिघे भावंडे एकाच खात्यातून एकच ब्राउझर वापरतात आणि बंद टॅबांची चवड तिघांची मिळून एकच असते.

ती चवड पाहणे सोपे आहे. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये टॅब बंद करताच खाली काही क्षण ‘अनडू’ दिसते. ती संधी हुकली तर तीन ठिपक्यांच्या मेनूतील ‘रीसेंट टॅब्ज’मध्ये तो सापडतो. आयपॅडवरील सफारीत अधिक चिन्ह दाबून धरले की नुकत्याच बंद केलेल्या पानांची यादी उघडते. कळफलक जोडलेला असल्यास क्रोमला कंट्रोल-शिफ्ट-टी पुरते.

या यादीत इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट खिडकीतील पाने येत नाहीत. तेथे मिटलेले पान खरोखरच मिटते, कारण त्या खिडकीचा हेतूच नोंद न ठेवणे हा आहे. नेमकी हीच ओढाताण फायरफॉक्सच्या कर्त्यांपुढेही होती : अर्जातील मजकूर परत देणे उपयोगाचे, पण बँकेच्या पानावर टंकलेला मजकूर डिस्कवर उतरवणे धोक्याचे. त्यासाठी एन्क्रिप्टेड पानांबाबत वेगळी सेटिंग ठेवावी लागली. सामायिक टॅबलेटवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला आपला अर्धा मजकूर सापडावा, आणि आजाराची लक्षणे शोधून गेलेल्या तिच्या भावाचे पान तिला सापडू नये, या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. बंद टॅबांची यादी मात्र पत्ते ओळखते, माणसे नाही.